मारणारा मी नव्हं

बसा, सरकून बसा. दाराकडची बाजू मोकळी ठेवू नका. आन् ती बॅटरी बंद कर रं, डोळ्यावर येतीय.

उद्या पहाटं तुम्ही तिघं फौजेत निघालासा. गावानं ओवाळलं, पेढं वाटलं. सांच्याला सरपंच माझ्याकडं येऊन गेलं. म्हणलं, केरबातात्या, औंदा तरी पोरांसंगं खिंडीपातूर चला, गावातला सगळ्यात जुना फौजी तुम्ही, राशीवर पयला दगड तुमच्या हातनं पडू द्या. मी काय म्हणलो? गुडघा दुखतोय. दर साली माझा गुडघा नेमका ह्याच दिवशी दुखतो. तुम्ही एकमेकांकडं बघून हसला, मला दिसलं. म्हातारा झालो म्हणून डोळं गेलं न्हाईत माझं.

तर ऐका. आज सांगतो. मधीच कुणी उठायचं न्हाई, आन् "खरं का तात्या" आसं इचारायचं न्हाई. इचारलं की मी गप्प बसणार, मग बसा रातभर तोंडाकडं बघत.

वाघदऱ्याच्या खिंडीत कासारबाबाची दगडांची रास हाय. तुम्ही ती ल्हानपणापासनं बघताय, पण दिवसा. लई जुन्या काळी बांगड्या विकणारा एक कासार त्या वाटेनं चालला व्हता. त्येला कुणीतरी मारलं. कुणी मारलं ते कधी कळलंच न्हाई. सकाळी गुराख्यांना त्यो आन् त्येच्या बांगड्यांचा चुरा तेवढा घावला. तवापासनं त्यो बसलाय तितं, आपल्याला मारणाऱ्याला हुडकत. म्हणून आपल्याकडं ही चाल पडली. खिंडीतनं जाणाऱ्यानं राशीवर एक दगड ठेवायचा, आपलं नाव सांगायचं, आन् म्हणायचं, "बाबा, तुला मारणारा मी नव्हं." की बाबा वाट सोडतो.

बायका म्हणत्यात, पोरं म्हणत्यात, नवी नवरी सासरला येताना म्हणतीय. पण आपण काय म्हणतोय ह्येचा इचार कुणी केलाय का? मी बी कवा केला न्हवता. दौलूनं बी केला न्हवता.

दौलू पिसाळ. गेल्या साली वारला त्यो म्हातारा. खालच्या आळीच्या टोकाला एकटाच ऱ्हायचा. तुम्हाला त्येच्या घराकडं जाऊ नका म्हणून सांगितलं जायचं. तर त्यो आन् मी एकाच दिवशी भरती झालो. एकच पलटण, एकच चौकी, एकाच ताटात जेवायचो. त्येची गोष्ट सांगतोय मी. त्यानं सोता मला सांगितलेली.

कुठली चौकी, कुठली हद्द, ते इचारू नका. डोंगर व्हता, हाडं फोडणारी थंडी व्हती, आन् रातीच्या समोरनं गोळ्या यायच्या. आम्ही बी घालत व्हतो. समोरनं बंदूक घेऊन आला त्येला पाडला. दौलूनं पाडलं, मी पाडलं. ते लढाईतलं. त्येचा जाब आम्हाला कुणी इचारला न्हाई, आन् खरं सांगू, कासारबाबानं बी इचारला न्हाई. ही गोष्ट त्या माणसांची न्हाई.

ही गोष्ट एकाच माणसाची हाय. एका राती आमच्या चौकीतली दोन पोरं मारली गेली, झोपेत. दुसऱ्या सांच्याला चौकीखालच्या ओढ्यात एक माणूस घावला. डोंगरातलाच, मेंढरं राखणारा वाटत व्हता. हत्यार न्हाई काय न्हाई. पण सुभेदार म्हणला, ह्योच बातम्या देतोय तिकडं. पकडून आणला. त्येचं हात पाठीमागं बांधलेलं व्हतं. चौकीमागं एका खडकाला टेकवून बसवला. पहारा माझा. त्येची भाषा आम्हाला येत न्हवती. एकच शब्द कळायचा, पाणी. त्यो तेवढाच शब्द सारखा म्हणत व्हता.

राती गोळी वाजली. एकच. माणूस मेला.

सुभेदारानं कागद केला, कैदी पळून जात व्हता म्हणून गोळी घातली. मिटलं. पण मेलेल्याचं भाऊ प्रेत खांद्यावर घेऊन तीन दिवस चाललं, आन् मोठ्या सायबाच्या म्होरं नेऊन ठेवलं. डॉक्टरनं मनगटं बघितली. हात बांधलेला माणूस पळंल कसा, आन् पळणाऱ्याला गोळी छातीत लागंल कशी? चौकशी बसली. मग सुभेदारानं कागद फिरवला. म्हणला, पहाऱ्यावरच्या शिपायानं आपल्या मनानं गोळी घातली, मला ठाऊक न्हाई. पहाऱ्यावर कोण? मी.

मी गोळी घातली न्हाई. हे मी पयल्या दिवसापासनं बोंबलून सांगत व्हतो. ऐकतंय कोण? माणूस माझ्या ताब्यात मेला. मला क्वार्टर गार्डात, म्हंजी पलटणीच्या कोठडीत, कोंडलं. तितला पहारेकरी सांगायचा, केरबा, जन्मठेप तरी हाय, न्हाई तर फासच.

गोळी कुणी घातली व्हती? दौलूनं. सुभेदारानं कानाशी येऊन सांगितलं, आन् दौलूनं घातली. हे तिघांना ठाऊक व्हतं. सुभेदार, दौलू, मी.

सुभेदारानं दौलूला रजेवर धाडलं. जाताना हातात एक कागद दिला आन् सांगितलं, ह्यो पाठ कर, कोर्टात एवढंच बोलायचं. काय व्हतं त्यात? "मी तंबूत झोपलो व्हतो. गोळीचा आवाज आला. बाहेर आलो तवा केरबाच्या हातात बंदूक व्हती." एवढंच. तीन वाक्यं. त्या तीन वाक्यांत माझी मान अडकलेली.

आता दौलूला शिव्या घालू नका. त्येची बायको पोटुशी व्हती, आई आंधळी. त्यो रजेवर आला, दीस मोजत बसला, आन् रोज पहाटं उठून परड्यात तो कागद पाठ करायचा. आन् एक गोष्ट सांगतो ती ध्यानात ठेवा. माझी आई त्येला रोज जेवायला बोलवायची. माझा केरबा कसा हाय, सुकला का, खातोय का. मी कोंडलेला हाय हे तिला कुणी सांगितलंच न्हवतं. दौलू म्हणायचा, बरा हाय, मजेत हाय. आन् खाली मान घालून तिच्या हातची भाकरी खायचा.

मग तार आली. कोर्टाची तारीख पडली. खिंडीपल्याडच्या ठेसनावरनं पहाटं पाचला गाडी. ती चुकली की तारीख चुकली. तारीख चुकली की सुभेदारानं दौलूकडनं लिहून घेतलेली जबानीच खरी धरणार, आन् तारीख चुकवली म्हणून दौलूवर बी बालंट. तार आली दिवस मावळताना. एष्टी सकाळचीच असायची. म्हणजे रातीच खिंड चढायची.

निघता निघता माझी आई आली. एक बोचकं दिलं. तिळाच्या भाकरी, शेंगाची चटणी, आन् मी ल्हानपणी खायचो ती गुळाची पापडी. म्हणली, केरबाला दे, आन् वाटंत फोडून खाऊ नकोस बाबा. दौलूनं ते घेतलं. कसं घेतलं आसंल? मला आजपातूर त्येचा इचार करवत न्हाई.

निघाला. आवस. डोळ्यात बोट घातलं तरी दिसू नये आसा अंधार. खांद्यावर वळकट, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात माझ्या आईचं बोचकं. तोंडानं पाठ चाललेला. मी तंबूत झोपलो व्हतो. गोळीचा आवाज आला. परत पयल्यापासनं. मी तंबूत झोपलो व्हतो. शाळंतल्या पोरासारखं, चालत्या पावलावर.

राशीपाशी पोचला तवा धा वाजलं आसतील. एक पांढरी गारगोटी घावली. राशीवर ठेवली. आन् तोंड आपसूक चाललं, जन्माची सवय. "बाबा, मी दौलू पिसाळ. तुला मारणारा मी नव्हं."

बोलला, आन् म्होरं चालला. त्येला जाणवलं सुदीक न्हाई काय बोललो ते.

धा पावलं गेला न्हाई तवर मागं काच वाजली. किणकिण. त्येला वाटलं वळकटीतला आपलाच पेला आन् बाटली वाजतीय. त्यो थांबला. किणकिण बी थांबली. पण एक पाऊल उशिरा थांबली. ऐकताय ना? त्येच्या मागनं कुणीतरी एक पाऊल जादा टाकलं.

त्यानं मागं बघितलं न्हाई. शिकवलेलंच असतंय आपल्याला, खिंडीत मागं बघू नये. बिगी बिगी उतरायला लागला. उताराला लागलं की ठेसनाचा दिवा दिसतो, तुम्हाला ठाऊक हाय. दिवा काय दिसंना. उतार बी संपंना. वारा पडलेला. रातकिडा सुदीक बोलंना. निस्तं त्येच्या बुटाचं वाजणं, आन् मागं किणकिण. बॅटरी म्होरं मारली, तर समोर रास.

तीच. वर त्येची पांढरी गारगोटी.

चकवा. दौलूला लगेच कळलं. चकवा लागला की माणूस रातभर चालतंय आन् फिरून तितंच येतंय. दिवस उगवंपातूर जागचं हलायचं न्हाई, ह्यो त्येच्यावरचा खरा उपाय. पण पाचची गाडी! बसला की गाडी गेली. मग दुसरा उपाय केला. सदरा काढला, उलटा करून घातला, आन् परत चालाय लागला. आतला खिसा बाहेर आलेला. खिशात तो कागद.

आता सदरा उलटा केला की चकवा सोडतो म्हणत्यात. मी बी एकदा केलाय, उसाच्या रानात, सोडलं मला. पण त्या राती न्हाई सोडलं. घटका गेली आसंल नसंल, परत रास. आन् ह्या बारीला राशीपाशी कुणीतरी बसलेलं. घोंगडीची खोळ डोक्यावरनं घेऊन, पाठ दौलूकडं करून.

दौलूला आधी हायसं वाटलं. म्हणला धनगर आसंल. हाक मारली. पावणं, ठेसनाची वाट कुठली वो? त्यो काय वळला न्हाई. म्हणला, बस की वाईच. तंबाखू काढ.

तुम्हाला शंभरदा सांगितलंय, खिंडीत कुणी तंबाखू मागितली तर देऊ नका. पण माणूस घाबरला की सोबत बघतो. दौलूनं चंची काढली, पान-तंबाखू म्होरं धरली. म्हणला, घ्या, मळा. तर त्यो काय म्हणला?

"तूच मळ गड्या. माझं हात बांधल्यात."

बॅटरीचा उजेड खाली सरकला. घोंगडीखाली पाठीमागं दोन मनगटं. एकावर एक. बुटाच्या काळ्या नाडीनं आवळून बांधलेली, नाडी मांसात रुतलेली.

चंची तितंच पडली. पळणार तवर मागनं हळू आवाज आला. रागाचा न्हाई, काय न्हाई. शेजारी बसून इचारावं तसा.

"तू मारणारा नव्हंस म्हणलास. मग कुणी मारलं रं?"

दौलू म्हणला, बाबा, ती जुनी गोष्ट, मला काय ठाऊक तुम्हाला कुणी मारलं.

"माझं कुठं इचारलं?"

मग पळाला दौलू. वाट सोडून पळाला, काट्याकुट्यातनं, हातानं झुडपं धरत. खरचटलं, सोलपटलं, बॅटरी कुठं पडली ती कळलं न्हाई. बोचकं तेवढं हातात. आन् उजेड नसताना बी त्येला समोर रास दिसाय लागली. कमरंएवढी व्हती ती आता डोक्याच्या वर गेलेली. दगडामागनं दगड चढत व्हता, कुणी ठेवत नसताना. आन् आवाज आतनं आला, राशीच्या पोटातनं.

"कुणी मारलं?"

दौलू वरडला, हुकूम व्हता! सुभेदाराचा हुकूम व्हता, मी काय करणार!

वरनं एक दगड सुटला, त्येच्या पायाशी पडला. "हुकमानं बोट वाकलं व्हय?"

दौलू डावीकडं पळाला, रास डावीकडं. उजवीकडं पळाला, रास उजवीकडं. किणकिण आता चारी बाजूंनी. लढाई व्हती, त्यो म्हणला, आमची दोन पोरं झोपेत मारली, लढाईत माणसं मरत्यातच.

आणिक दोन दगड सुटलं. एक खांद्याला लागला. "लढाईत दोन्हीकडं हातात हत्यार असतंय. माझ्या हातात काय व्हतं?"

आन् मग ऐका. आता मी सांगतो ते त्यानं मला सांगितलं तवा माझ्या पायाकडं बघून सांगितलं. लांबनं गाडीची शिटी आली. म्हणजे रात सरत आली व्हती. मालगाडी आसंल, पर दौलूला वाटलं आपली गाडी चालली. आन् मागनं तेच. कुणी मारलं? कुणी मारलं? त्येचा धीर सुटला. महिनाभर पाठ केलेलं तोंडातनं भडाभडा बाहेर आलं.

"केरबानं मारलं! मी तंबूत झोपलो व्हतो! केरबानं मारलं!"

सगळं थांबलं. किणकिण बी.

दौलूनं म्होरं पाऊल टाकलं. टाकता येईना. बोचकं हलंना. भुईला चिकटल्यासारखं. चार भाकरी, पसाभर चटणी, पापडी. ते त्येला उचलंना. फौजी गडी, पाठीवर तीस किलो घेऊन डोंगर चढणारा. दोन्ही हातांनी वढलं. न्हाई. सोडून पळावं म्हणला, तर हाताची मूठ सुटंना. आन् त्येच्या कानाशी, अगदी कानाशी, गरम श्वास लागंल इतक्या जवळनं, एक शब्द आला. आपल्या भाषेतला न्हाई. त्या डोंगरातल्या माणसाचा शब्द.

पाणी.

तितं बसला दौलू. गुडघ्यावर. बोचक्यावर कपाळ टेकलं. रडला म्हणायचा, आई गेली तवा बी रडलो नव्हतो तसा. आन् म्हणला,

"मी मारलं. दौलू पिसाळनं मारलं. हात बांधलेलं व्हतं. पाणी मागत व्हता. माझ्याकडं बघत व्हता. मी तोंड उघडून न्हाई म्हणू शकलो असतो. म्हणलो न्हाई. मी मारलं."

किती बारी म्हणला ते त्येला ठाऊक न्हाई. डोकं वर केलं तवा तांबडं फुटत व्हतं. रास कमरंएवढीच. वर गारगोटी न्हवती. ती त्येच्या म्होरं बोचक्यावर ठेवलेली. दिलेला दगड बाबानं परत केलेला. आन् खाली ठेसनाचा दिवा, इतका जवळ की हाक मारावी.

बोचकं उचललं तर हलकं. धावत सुटला. धडपडला, उठला, परत धावला. गाडी हललेली व्हती. शेवटच्या डब्याचा दांडा घावला. सदरा उलटा, हात रक्तानं माखलेलं. डब्यातली माणसं सरकून बसली.

कोर्टात मी एका बाजूला उभा. दौलू आला. मी त्येच्याकडं बघितलं न्हाई. मला वाटलं आता ती तीन वाक्यं बोलणार आन् मी गेलो. सुभेदार बिनघोर बसलेला. तर दौलू म्हणला, सायेब, केरबानं न्हाई, मी मारलं. सुभेदारानं सांगितलं, मी मारलं. सायबानं इचारलं, हुकूम व्हता, मग तुझा दोष काय? दौलू म्हणला, सायेब, बंदूक माझ्या हातात व्हती आन् माझी अक्कल बी माझ्यापाशीच व्हती.

साहेब लोकांनी सांगितलं, जो हुकूमच उघड गुन्ह्याचा, तो देणारा बी गुन्हेगार आन् पाळणारा बी. सुभेदाराला धा वर्षं, दौलूला सात. मला निर्दोष सोडलं. दौलूला घेऊन चाललं तवा त्यानं दाराशी थांबून ते बोचकं माझ्या हातात दिलं. भाकरी वाळून कडक झालेल्या. म्हणला, आईनं दिलंय, वाटंत फोडलं न्हाई.

सात वर्षांनी त्यो गावाला आला. आला त्याच खिंडीतनं, पायी, एकटा. राशीवर दगड ठेवला आन् म्हणला, बाबा, मी दौलू पिसाळ, मारणारा मी, भोगून आलोय. गपगुमान वाट सोडली बाबानं. बाबानं सोडली, गावानं सोडली न्हाई. चावडीवरच्या फौजींच्या पाटीवरनं त्येचं नाव काढलं. माणूस मारला म्हणून न्हाई. बोलला म्हणून. पलटणीची आब घालवली म्हणून. मी तितंच उभा व्हतो. मी गप्प.

मग त्येची बायको गेली, पोरगी सासरला गेली. आम्ही दोघं म्हातारं. एका सांच्याला त्यानं मला ही सगळी गोष्ट सांगितली, आत्ता मी तुम्हाला सांगितली तशी. सांगून झाली तवा मी इचारलं, दौलू, तो खिंडीतला कासारबाबा व्हता का आपल्या डोंगरातला माणूस? त्यो म्हणला, मला न्हाई सांगता येत. पण नाडी मी ओळखली, केरबा.

कुणाची, ते त्यानं सांगितलं न्हाई. मी बी इचारलं न्हाई.

माझ्या बुटाची व्हती ती. त्या माणसाचं हात मी बांधलं. दोरी न्हवती, म्हणून माझ्या डाव्या बुटाची नाडी काढून बांधलं. सैल बांध म्हणत व्हता त्यो खुणेनं, मी आवळून बांधलं, कारण आदल्या राती मेलेल्या दोघांतला एक माझ्या शेजारी झोपायचा. पाणी मागत व्हता. बाटली माझ्या कमरंला व्हती. आन् सुभेदार दौलूला घेऊन आला, मला म्हणला, केरबा, वाईच बाजूला जा. मी काय समजलो न्हाई व्हय? सगळं समजलो. लघवी लागली आसं म्हणून खडकामागं गेलो. तितं उभा ऱ्हाऊन कान बंद केलं.

कोर्टानं मला इचारलं, गोळी तू घातलीस? न्हाई म्हणलो, ते खरंच व्हतं. कुणी घातली ते मी सोता सांगितलं न्हवतं, सांगितलं आसतं तर मी कुठं व्हतो ते बी निघालं आसतं. नाडी कुणाची, बाटली कुणाकडं, कुठं गेला व्हतास, हे कुणी इचारलंच न्हाई. निर्दोष म्हणून कागद मिळाला. पेटीत हाय अजून, पिवळा पडलाय. पण कासारबाबाला कागद वाचता येत न्हाई. सुटून आलो त्या दिवशी ठेसनावरनं निघालो, खिंडीच्या तोंडाशी आलो, हातात दगड घेतला. तोंडात शब्द आलं. मारणारा मी... आन् म्होरं जाईना जीभ. वर किणकिण झाली. मी दगड टाकून मागं पळालो, लांबच्या रस्त्यानं तेरा कोस चालून घरी आलो. तवापासनं चव्वेचाळीस वर्षं मी त्या वाटेला गेलो न्हाई. पोरीच्या लग्नाचं वऱ्हाड खिंडीतनं गेलं, मी एष्टीनं वळसा घालून गेलो. गुडघा दुखतोय म्हणून.

म्हणून सांगतो पोरांनो, ती वाट राती चालू नका. आन् खोटं पाठ करून तर दिवसाढवळ्या बी चालू नका. फौजेत लढाई येईल, गोळी घालावी लागंल, घाला, त्यासाठीच चाललाय. पण एखाद्या राती कुणी तुमच्या कानाशी येईल आन् म्हणंल, ह्येला उडव, न्हाई तर नुसतं म्हणंल, वाईच बाजूला जा. तवा ही रास आठवा. रजेवर याल तवा एष्टीनं येऊ नका. खिंडीतनं या, दगड ठेवा, आन् ते वाक्य म्हणून बघा. तोंडातनं सरळ निघालं तर घरी येऊन जेवा. अडकलं, तर मागं फिरा आन् जितं सांगायचं तितं जाऊन सांगा. माझ्यासारखं वळसा घालत बसू नका.

काय रं? माझ्या वाटणीचा दगड तू ठेवतोस? नको. दुसऱ्याच्या हातनं ठेवायचा नसतो त्यो.

जा, झोपा आता. पहाटं निघताना मला हाक मारा, येतो मी. आन् एवढं करा लेकरांनो, राशीपाशी पोचल्यावर मला एकट्याला सोडून म्होरं जाऊ नका. मला बोलायला येळ लागंल. गुडघ्याची काळजी करू नका, गुडघ्याला माझ्या कवाच काय झालं न्हवतं.